गाडी बसवणे आहे

मराठीत काहीही बसलं की खर्च निघतो. धंदा बसतो, घसा बसतो, पावसाळ्यात भिंत बसते, ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर बसते. त्यामुळे आमच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांनी जेवताना "बाबा, आपला ट्रक लोअर करू या ना" असा प्रस्ताव मांडला आणि तासगावहून सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला आलेल्या अण्णांसाठी मी त्याचं "गाडी खाली बसवायची म्हणतोय" असं भाषांतर केलं, तेव्हा अण्णांचा हात ताटातच थांबला.

"माल भरा की. आपसूक बसंल."

"माल न भरता बसवायचीय, अण्णा."

"मग पाटे काढून ठेवा."

"तसं नाही. त्याचं किट मिळतं. विकत."

अण्णांनी आमटीचा भुरका मारला, मिशी पुसली आणि हिशेब मांडला. "म्हंजे चांगली उभी हाय ती गाडी बसवायची, आन् वर पैसं बी आपणच द्यायचं?"

पुढचे तीन महिने मी जे काही शिकलो, ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना.

अण्णांना धक्का का बसला हे कळायला आमच्या घरचा पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या कमानीतल्या पोलादी पट्ट्यांचा, इतिहास ठाऊक हवा. टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. आमच्या दारात ती आणखी चार वर्षांनी आली. तासगावची द्राक्षं वाशीच्या मार्केटला न्यायची, हा अण्णांचा धंदा. गाडी आली, आईने ओवाळली, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि तिसऱ्या दिवशी अण्णा तिला पाटेवाल्याकडे घेऊन गेले. कागदावर लिहिलेलं वजन आणि हौद्यात चढणारं वजन यांची आमच्याकडे कधी गाठ पडली नाही, आणि पडली तरी गाडीने मान टाकू नये म्हणून जादा पाटा. पाटेवाला यू-बोल्ट सोडायचा, कमानीत एक पाटा सरकवायचा, पुन्हा आवळायचा, की गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी मागून उचलली जायची. वाशीहून रिकामी परत येताना ती अशी उसळायची की डब्यातल्या दह्याचं ताक व्हायचं. पण अण्णा खूश. मागून उचललेली गाडी म्हणजे काम असलेली गाडी. बसलेली गाडी गावात दिसली की लोक विचारायचे, "पाटं तुटलं का मालक दमला?"

अशा घराण्यातला मी संगणकावर काम करतो. माझ्या नोकरीतलं सर्वांत जड ओझं म्हणजे लॅपटॉपची बॅग. तरी माझ्याकडे पिकअप आहे, कारण मी टेक्ससमध्ये राहतो. अमेरिकेत फोर्डची एफ मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपणारी पिकअप आहे, आणि या सगळ्या गाड्यांमध्ये नेतात काय, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. माझी मात्र शेव्हरलेची, २००४ची सिल्व्हरॅडो १५००, टू-व्हील ड्राइव्ह, जुनी घेतलेली. इथल्या मराठी मंडळातल्या बाकी सगळ्यांकडे कॅमरी नाहीतर टेस्ला. त्यामुळे गाडी घेतली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझी कार्यकर्ता म्हणून एकमताने निवड झाली. मखर, ढोल, घडीची टेबलं, नाटकाचं नेपथ्य आणि वर्षाकाठी तीनेक सोफे एवढं मी वाहतो.

इथल्या बोलीत या गाडीला 'हाफ टन' म्हणतात. पूर्वी या वर्गातल्या गाड्या साधारण एवढा माल नेत, म्हणून नाव पडलं. आता त्याहून जास्त नेतात, नाव तेच राहिलं. अण्णांना एवढा खुलासा पुरला नाही. "अर्धा टन? एवढ्या धिप्पाड गाडीत? आरं, उसाची बैलगाडी याच्या दुप्पट वडती."

चिरंजीवांचं दुखणं निराळं होतं. त्यांच्या मते ट्रक 'पुढे पडल्यासारखा' दिसतो. तक्रार खोटी नव्हती. कारखान्यातून पिकअप निघते तीच मागून काही इंच उंच. हौद्यात माल पडला की मागची बाजू खाली येते आणि गाडी सपाट होते. म्हणजे आमच्या वर्गातली प्रत्येक रिकामी पिकअप आयुष्यभर वाकून उभी असते, न आलेल्या ओझ्याची वाट बघत. इतर गाड्यांच्या मानाने तिची उंचीही अशी की माझ्या पाच फुटी पत्नीला हौद्यातली वस्तू काढायला निळा प्लास्टिकचा स्टूल लागतो. तो स्टूल गाडीतच असतो. गुडघ्यांमुळे आता अण्णाही सीटवर चढायला तोच वापरतात.

किट बघायला बसलो तर आकडे समोर आले: २/४, ३/५, ४/६, ५/७. मी आधी हे अपूर्णांक समजलो. दोन चतुर्थांश म्हणजे अर्धा, चार षष्ठांश म्हणजे दोन तृतीयांश, असा संक्षेप देऊनही मोकळा झालो. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. वरचा आकडा पुढून किती इंच खाली, खालचा मागून किती. मागून दोन इंच जास्त उतरवायची, कारण ती मुळात मागून उचललेली. थोडक्यात, आमच्या पाटेवाल्याने हयातभर जे केलं ते उलटं करायचं आणि त्याला किट म्हणायचं.

पुढून बसवायचे मार्ग दोन. पहिला आखूड स्प्रिंगचा. पूर्वी लोक एवढीही तसदी घेत नसत. गॅसकटरने स्प्रिंगचा एखादा वेढाच उडवत. त्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, आणि वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग आणखी ताठ होते. म्हणजे गाडी खाली येते आणि बसणाऱ्याचा मणका वर जातो. दुसरा मार्ग स्पिंडलचा. चाक ज्या खुंटीवर फिरतं ती खुंटी या नव्या स्पिंडलवर दोन इंच वर बसवलेली असते. आता चाक काही जमीन सोडून वर जाऊ शकत नाही, म्हणून गाडीच मुकाट्याने दोन इंच खाली येते. स्प्रिंगला हात लावलेला नसल्याने चाल जवळजवळ पहिल्यासारखीच राहते. अण्णांना ही युक्ती पसंत पडली. "ह्यात डोकं हाय," ते म्हणाले. पाट्याखेरीज दुसऱ्या कशाचं कौतुक करताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो.

मागच्या बाजूचं पुराण मोठं. थोडं उतरवायचं असेल तर पाटे ज्या ब्रॅकेटांना टांगलेले असतात ते हँगर आणि त्यांच्या टोकाची शॅकल बदलायची. जास्त उतरवायचं तर 'फ्लिप'. माझ्या गाडीत एक्सल पाट्यांच्या खाली असतो, तो उचलून पाट्यांच्या वर ठेवायचा. गाडी एका फटक्यात पाच-सहा इंच खाली. मात्र एक्सल आता चासीच्या इतका जवळ येतो की खड्ड्यात तिच्यावर आदळणार. त्यावर उपाय म्हणजे एक्सलला जागा व्हावी म्हणून चासीलाच सी आकाराची खाच कापायची आणि तिथे जाड लोखंडाचा आधार जोडायचा.

हे ऐकल्यावर अण्णा खुर्चीवरून उठले. "चासी कापायची?"

"मग तिथे सपोर्ट लावतात, आजोबा."

"आधी कापायची, मग आधार द्यायचा. त्यापरीस कापूच नका." अण्णा अंगणात निघून गेले आणि बराच वेळ गाडीपाशी उभे राहिले. कुणी गुपचूप येऊन चासी कापू नये, या बेताने.

चिरंजीवांची खरी मनीषा हवेच्या पिशव्यांची होती. स्प्रिंगच्या जागी पिशव्या, हौद्यात टाकी आणि काँप्रेसर, बटण दाबलं की गाडी जमिनीला टेकते, दुसरं दाबलं की उठते. किंमत सांगितल्यावर अण्णांनी डॉलरला ८५ने गुणलं, आणि तो विषय गाडीच्या आधी खाली बसला.

ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्या मेक्सिकन मेस्त्रीने मला या प्रकाराची वंशावळ सांगितली. गाड्या खाली आणण्याचा शौक कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमधून वर आला, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. गोऱ्या पोरांनी गाड्या वेगात पळवाव्यात, तर यांनी त्या खाली आणून संथ चालवाव्यात. स्पॅनिशमध्ये त्याचं ब्रीद आहे 'बाहितो इ सुआवेसितो', खाली आणि हळुवार. सुरुवातीला तर डिकीत वाळूची पोती भरून गाडी बसवत. मग १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायचा नाही. लगेच १९५९मध्ये रॉन अगीरे नावाच्या गृहस्थांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. ही बंदी कॅलिफोर्नियाने अखेर १ जानेवारी २०२४ पासून उठवली.

मी हे अण्णांना सांगितलं. हायड्रॉलिकचं त्यांना काही वाटलं नाही. पोलीस दिसल्यावर गाडीने वागणूक बदलणं त्यांच्या परिचयाचं होतं. ते वाळूच्या पोत्यांपाशीच अडले. "पोती भरून गाडी बसवायची, आन् पोती न्यायची कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही. नुसतं फिरायचं."

"आरं तिच्या," अण्णा म्हणाले. त्या स्वरात निषेध किती आणि हेवा किती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

उलट दिशेचा शौकही इथे आहे. पूर्वेकडे कॅरोलायना राज्यांत ट्रक पुढून उचलायचा आणि मागून बसवायचा, नाक थेट आभाळाकडे. याला 'कॅरोलायना स्क्वॉट' म्हणतात. चालकाला समोरचा रस्ता दिसत नाही, म्हणून नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये त्यावर बंदी आणली: पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच ठेवायचं नाही. फोटो दाखवल्यावर अण्णांनी तो लगेच ओळखला. "ह्यो तर गळिताचा ट्रॅक्टर." खरंच की! सांगलीच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर असाच नाक वर करतो, आणि ते खाली राहावं म्हणून बॉनेटवर दोन गडी बसवलेले असतात. एवढं दृश्य मिळवायला इथले लोक वेगळं किट घेतात, गड्यांशिवाय.

अण्णांनी शेवटचा मुद्दा काढला तो गतिरोधकांचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ चार इंच, २/४च्या किटमध्ये मागून गाडी उतरते साधारण तेवढीच. पण आमच्याकडचे गतिरोधक मानक वाचून कुणी बांधत नाही; ज्याच्या दारासमोर अपघात झाला त्याच्या रागाच्या उंचीचे ते असतात. खाली बसवलेली गाडी आमच्या वेशीतूनही आत जाऊ शकली नसती. शिवाय तिकडे कायदाही आडवा येतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही. हे कलम मी अण्णांना वाचून दाखवलं. सत्तावीस वर्षं त्यांचा टेम्पो त्या कलमावरूनच गेलेला होता, त्यामुळे त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

निर्णय लागला तो भलतीकडूनच. आमच्यासारख्या घरात चैन करायची तर तिला आधी एखादा उपयोग शोधून द्यावा लागतो. तो पत्नीने भाजी निवडता निवडता शोधला. "मागून चार इंच खाली आली," तिने विचारलं, "तर मला तो स्टूल लागणार नाही ना?"

चिरंजीवांनी तोंड उघडलं, मी त्यांना खुणेने गप्प केलं. उपयोग सापडला होता, आता रूपाबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता. २/४ ठरलं: पुढे स्पिंडल, मागे हँगर आणि शॅकल. चासी अखंड राहणार, या अटीवर अण्णांनी परवानगी दिली.

शनिवारी सकाळी मेस्त्री आमच्या गॅरेजमध्ये आला. पुढचं काम तीन तासांत उरकलं. मागच्याला दिवस गेला, कारण जुने हँगर चासीला बोल्टने नव्हे, रिव्हेटने जडवलेले होते. एकेका रिव्हेटचं ग्राइंडरने डोकं उडवायचं, मग ती छिन्नीने मागे ठोकायची. चिरंजीव, जे ताट उचलून सिंकमध्ये ठेवताना दमतात, ते ठिणग्यांच्या पावसात पाठीवर पडून रिव्हेट कापत होते. पाचव्या रिव्हेटला त्यांनी विचारलं, "बाबा, हे सगळं असं घट्ट का बनवतात?" अण्णांनी वरून उत्तर दिलं, "सुटू नये म्हणून."

अण्णा आणि मेस्त्री यांच्यात एकही समान भाषा नव्हती. अण्णा वाकून, बोट दाखवून, "पाटा, पाटा" म्हणत होते. स्पॅनिशमध्ये 'पाता' म्हणजे पाय, विशेषतः जनावराचा. मेस्त्रीने अण्णांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, त्याचा चेहरा कळवळला, आणि तो धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. अण्णा खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मानूस भला हाय. पर त्याला पाटा कळंना."

संध्याकाळी मात्र तोही गैरसमज फिटला. नवे हँगर लागले, शॅकल चढल्या, गाडी अजून जॅकवर टांगलेली. चिरंजीवांनी उत्साहाने पाना उचलून शॅकलचा बोल्ट करकचून आवळायला घेतला. त्याच क्षणी दोन म्हातारे दोन भाषांत एकदम ओरडले. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी टांगलेली असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकली, गाडीचं वजन पाट्यांवर आलं, की मग शेवटचा पीळ. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं. तासगावातही हेच, ह्यूस्टनमध्येही हेच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेस्त्रीने अण्णांचा हात हातात घेतला. त्यानंतर त्यांनी अर्धा तास गप्पा मारल्या, कोणत्या भाषेत ते विचारू नका.

गाडी बसली. पण गाडी बसवली की संसार पुन्हा मांडावा लागतो. अलाइनमेंट करून घेतली, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उतरल्याने दिव्यांचा झोत वर गेला आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या भिंतीवर रोज रात्री साडेनऊला उजेड पडू लागला. दिवे खाली करून घेतले. कॉलनीच्या गतिरोधकावरून मी आता तिरका जातो, एक चाक आधी, दुसरं मागाहून, साष्टांग नमस्काराला वाकणाऱ्या माणसाच्या बेताने. मागून हॉर्न वाजतात. चिरंजीव म्हणतात, मस्त दिसते. शेजारच्या काकूंनी विचारलं, टायरमधली हवा गेलीय का?

आणि गणपती आले. मंडळाची मूर्ती मोठी, काही वर्षांपूर्वी पेणहून बोटीने आलेली, वर्षभर एका सभासदाच्या गॅरेजमध्ये असते. दरवर्षी ती हौद्यात चढवताना चार जणांच्या तोंडून देवाचं नाव आणि पाचव्याच्या तोंडून भलतंच काही निघतं. यंदा फाळका उघडला, मूर्ती उचलली आणि ती अलगद आत सरकली. कुणाचा खांदा गेला नाही, कुणाची पाठ धरली नाही. पत्नीने जमिनीवर उभं राहूनच देवाच्या बाजूच्या उशा नीट केल्या. निळा स्टूल मी सवयीने काढून ठेवला होता. त्यावर कुणीतरी नारळ ठेवले.

देवाजवळ कुणीतरी बसायला हवं, म्हणून गाडी निघेपर्यंत अण्णा फाळक्यावर टेकले. स्टूल न घेता, सहज. दोन्ही हात बाजूला टेकवून त्यांनी एकवार खाली वाकून चाकाकडे पाहिलं, मग एक्सलकडे, मग गणपतीकडे. चिरंजीव शेजारी येऊन बसले.

"काय आजोबा, बसली ना नीट?"

"बसली," अण्णा म्हणाले. जरा थांबून त्यांनी फाळक्यावर दोनदा थाप मारली, हौदा किती लवतो ते अजमावलं आणि नातवाच्या कानात बोलले. पण माझ्यापर्यंत आलंच.

"पर एक पाटा जादा घालून घे. कवा वझं यायचं, सांगता येत न्हाई."